बादाहोसचा वेढा, १८१२ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपोलियनच्या काळातल्या किल्ल्यांच्या लढायांबद्दल बोलायला लागलं, की गडकोटांवर फिरणारी मंडळी ठरावीक प्रश्न विचारतात. तोफांनी तट पडतो कसा? भगदाड पडलं की शहर पडलंच ना? वेलस्लीने अहमदनगर आणि गाविलगड घेतला, त्याचा तिकडे काही उपयोग झाला का? या सगळ्यांची उत्तरं एकाच जागी सापडतात : स्पेनच्या सीमेवरचं बादाहोस, ६ एप्रिल १८१२ ची रात्र. त्या रात्री सर्वांत जास्त माणसं जिथे मेली तिथून शहर पडलं नाही, आणि ते जिथून पडलं तिथे भगदाडच नव्हतं. माझ्या मते बादाहोस समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

बादाहोस नेमकं कुठे आहे, आणि त्याच्यासाठी एवढा रक्तपात का झाला?

स्पेनच्या नैर्ऋत्येला एस्त्रेमादुरा प्रांतात, ग्वादियाना नदीच्या डाव्या तीरावर. शहराच्या पश्चिमेला काया नावाची छोटी नदी ओलांडली की पोर्तुगाल लागतो, आणि वीसेक किलोमीटरवर एल्वास हा पोर्तुगालचा तितकाच भक्कम कोट. दोन शेजारी राज्यांनी शतकानुशतकं एकमेकांकडे तोफा रोखून ठेवलेली ही जागा.

त्या काळी पायदळ शेतातून, डोंगरातून कसंही जाऊ शके. अवजड तोफा आणि रसदीच्या बैलगाड्यांना मात्र रस्ता लागे. पोर्तुगालमधून स्पेनमध्ये फौज नेण्याजोगे रस्ते मुख्यतः दोन. उत्तरेकडच्या रस्त्यावर आल्मेइदा आणि सिउदाद रॉद्रिगो, दक्षिणेकडच्या रस्त्यावर एल्वास आणि बादाहोस. प्रत्येक जोडीतला एक किल्ला पोर्तुगालचा, एक स्पेनचा.

१८०८ मध्ये नेपोलियनने आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवलं आणि देश पेटला. ब्रिटिशांची फौज लिस्बनच्या बंदराच्या आधाराने पोर्तुगालमध्ये पाय रोवून होती. तिचा सेनापती वेलिंग्टन, म्हणजे अहमदनगर घेणारा तोच आर्थर वेलस्ली. १८११ च्या अखेरीस पोर्तुगालच्या बाजूचे दोन्ही कोट त्याच्याकडे होते, स्पेनच्या बाजूचे दोन्ही फ्रेंचांकडे. ते दोन्ही घेतल्याशिवाय माद्रिदच्या दिशेने जाणं म्हणजे शत्रूला पाठीशी ठेवून पुढे जाणं. जानेवारी १८१२ मध्ये सिउदाद रॉद्रिगो बारा दिवसांत घेतलं. राहिलं बादाहोस.

किल्ल्याची रचना कशी होती? आपल्या किल्ल्यांसारखी?

नाही, आणि हा फरक समजला तर पुढचं सगळं सोपं होतं. आपल्या डोंगरी किल्ल्याचा खरा तट म्हणजे कातळकडा, माणसाने बांधलेली भिंत त्याला फक्त पुरी करते. बादाहोसभोवती कड्यासारखा आधार थोडाच. अशा ठिकाणी उंच भिंत दिमाखात उभी केली तर तोफा तिला लांबूनच फोडतात. म्हणून युरोपात भिंत जमिनीत उतरवली. आधी रुंद, खोल खंदक खणायचा, भिंत त्याच्या आत उभी करायची आणि तिच्यामागे मातीचा जाड भराव घालायचा. बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीचा फक्त वरचा भाग दिसतो. बुरूज गोल नसून बाणाच्या टोकासारखे कोनदार, म्हणजे एका बुरुजाच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात सापडतो. लपायला एकही कोपरा उरत नाही.

बादाहोसला जमिनीच्या बाजूने असे आठ बुरूज होते. त्यांपैकी आग्नेयेचे त्रिनिदाद आणि सांता मारिया, आणि वायव्येला नदीकाठचा सान व्हिसेन्ते, ही तीन नावं लक्षात ठेवा. ईशान्य कोपऱ्यात टेकाडावर अरबांच्या काळातला बालेकिल्ला. हे शहर ८७५ साली इब्न मरवान याने वसवलं, त्यामुळे बालेकिल्ल्याची तऱ्हाच वेगळी : खंदकात न लपवलेल्या, जुन्या पद्धतीच्या उंच सरळसोट भिंती. नदीपलीकडच्या टेकडीवर सान क्रिस्तोबाल हा वेगळा कोट. पूर्वेला रिव्हियास नावाचा ओढा, आणि त्याच्या पलीकडे पिकुरिना ही बाहेरची गढी. फ्रेंचांनी रिव्हियासला बांध घालून पाणी तुंबवलं होतं, त्यामुळे तटासमोर आयतं तळं तयार झालं.

१८१२ आधी बादाहोसला किती वेढे पडले?

एका वर्षात तीन. जानेवारी १८११ अखेर फ्रेंचांच्या मार्शल सूल्तने वेढा घातला तेव्हा आत स्पॅनिश शिबंदी होती आणि किल्लेदार होता राफाएल मेनाचो. शहर गल्लोगल्ली लढवायची त्याची तयारी होती. ४ मार्चला त्याची माणसं बाहेर पडून फ्रेंच मोर्च्यांवर तुटून पडली. ती चकमक तटावरून पाहत असताना त्याला गोळा लागला आणि तो गेला. त्याच्या जागी आलेल्या होसे इमासने आठवड्याभरात शहर सोडून दिलं. एका माणसाच्या असण्या-नसण्याने किल्ल्याचं नशीब कसं फिरतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मेनाचो जगता तर पुढच्या वर्षीच्या हजारो माणसांचे जीव कदाचित वाचले असते, असं मला वाटतं.

नंतरचे दोन वेढे ब्रिटिशांचे. मे १८११ मध्ये बेरेसफोर्डचा. सूल्त सोडवायला आला म्हणून तो उठवावा लागला आणि १६ मे रोजी आल्बुएराची भयंकर लढाई झाली. मग वेलिंग्टन स्वतः आला. त्याच्याकडच्या तोफा एल्वासच्या तटावरून उतरवलेल्या, पितळी, काही तर सतराव्या शतकातल्या. मारा करता करता त्यांची तोंडं वाकायला लागली. सान क्रिस्तोबालवर ६ आणि ९ जूनच्या रात्री हल्ले झाले, दोन्ही फसले, आणि १० जूनला तोही वेढा उठला.

तोफांनी तटाला भगदाड पाडतात म्हणजे नेमकं काय करतात?

गोळे मारत सुटलं की भिंत पडते, असा समज आहे. प्रत्यक्षात हे गवंडीकामासारखं मोजून-मापून करायचं काम आहे, फक्त उलट दिशेने.

पहिली अडचण जवळ जायची. उघड्या माळावर तोफ उभी केली तर तटावरचे गोलंदाज ती तासाभरात निकामी करतील. म्हणून रात्री चर खणतात. तटाला समांतर असा एक लांब चर, मग त्यातून नागमोडी वाटेने पुढे, मग तटाच्या अधिक जवळ दुसरा समांतर चर. वाट नागमोडी अशासाठी, की सरळ ठेवली तर तटावरून सुटलेला एकच गोळा चराच्या लांबीभर माणसं कापत जाईल. खणणाऱ्यांच्या पुढे फांद्यांनी विणलेल्या, बिनबुडाच्या कणगीसारख्या टोपल्या उभ्या करतात आणि त्यांत माती भरत जातात. पाणथळ जागी काटक्यांच्या मोळ्या टाकतात. फ्रान्सच्या वोबांने सतराव्या शतकात ही पद्धत इतकी बांधेसूद केली होती, की अमुक किल्ला किती दिवसांत पडेल याचा हिशेब आधीच मांडता येई.

मग दमदमे बांधून त्यांवर २४ पौंडी तोफा चढवायच्या. २४ पौंड हे गोळ्याचं वजन, म्हणजे सुमारे ११ किलो. नुसती नळीच अडीच टनांच्या घरात. १८१२ च्या वेढ्यासाठी मोठ्या तोफा लिस्बनहून गलबतांनी सादो नदीत आल्कासेर दो सालपर्यंत आणि तिथून बैलांनी ओढत एल्वासला आणल्या. सगळ्या मिळून पन्नासेक तोफा जमवल्या होत्या.

मारा सुरू झाला की नेम भिंतीच्या खालच्या भागावर धरतात. एका ओळीत गोळे मारत आडवी चीर पाडायची. मग तिच्या दोन्ही टोकांपासून वर उभ्या चिरा. मधला तुकडा मागच्या मातीच्या भाराने पुढे कोसळतो, आणि दगडमातीचा ढिगारा खंदकात पडून त्याचाच उतार होतो. हातात बंदूक धरलेला माणूस हात न टेकता त्या उतारावरून चढू शकला, तर भगदाड चढता येण्याजोगं झालं असं मानत.

पुस्तकातलं भगदाड इथे पुरं होत नाही. खंदकाची बाहेरची भिंतही सुरुंगाने पाडायची असते, म्हणजे हल्ला करणाऱ्यांना खंदकात उड्या माराव्या लागत नाहीत. खंदकाच्या काठापर्यंत चर न्यायचा असतो, म्हणजे तिथून बंदुकांच्या माऱ्याने भगदाडावरच्या शत्रूला डोकं वर काढता येत नाही. बादाहोसला यातलं काहीच झालं नाही.

का झालं नाही?

कारण वेळ नव्हता आणि शिकलेली माणसंही नव्हती. दक्षिणेकडून सूल्त फौज गोळा करून निघणार हे नक्की होतं. उत्तरेला दुसरा फ्रेंच मार्शल मार्माँ होता. नेपोलियनने पॅरिसमध्ये बसून त्याला दक्षिणेकडे न जाता उत्तरेकडूनच पोर्तुगालवर दडपण आणायला सांगितलं, हे वेलिंग्टनचं नशीब. तरी दोघे एकत्र आले तर आधीच्या वर्षीसारखा वेढा उठवावाच लागला असता. वेलिंग्टन दिवस मोजत होता.

माणसांचं म्हणाल तर ब्रिटिश फौजेत चर खणणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्यांची तयार पलटणच नव्हती. थोडे इंजिनीयर अधिकारी, मूठभर कारागीर, बाकी पायदळातून धरून आणलेले शिपाई. फ्रेंचांकडे अशा कामाच्या कसलेल्या तुकड्या होत्या. कमी पडलेलं कसब शिपायांच्या रक्ताने भरून काढलं गेलं, असं मी म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. वेलिंग्टननेही लंडनला जवळजवळ हेच कळवलं.

वेढ्याच्या तीन आठवड्यांत काय काय घडलं?

१६ मार्चला शहर घेरलं. १७ च्या रात्री, मुसळधार पावसात, पहिला चर खणायला घेतला. पाऊस पुढे कितीतरी दिवस हटला नाही. चरांत गुडघ्याएवढा चिखल, टोपल्यांतली माती पातळ होऊन वाहून जायची. २२ मार्चला ग्वादियानाला पूर आला आणि होड्यांचा पूल वाहून गेला, रसद अडली.

१९ मार्चला फ्रेंच शिबंदीने बाहेर पडून चरांवर छापा घातला. त्या गडबडीत मुख्य इंजिनीयर रिचर्ड फ्लेचरला गोळी लागली. ती त्याच्या खिशातल्या चांदीच्या नाण्यावर बसली, म्हणून तो वाचला. पण नाणंच जांघेत घुसलं. तो तंबूत पडून राहिला आणि वेलिंग्टन सल्ल्यासाठी त्याच्या खाटेपाशी येत राहिला.

२५ मार्चच्या रात्री पिकुरिनाची गढी घेतली. पाचशेएक माणसं चढली, त्यांतली तीनशेहून जास्त मेली किंवा जखमी झाली. एवढ्याशा गढीची ही किंमत होती, तेव्हाच पुढचा अंदाज यायला हवा होता. गढी हाती आल्यावर तिथल्या दमदम्यांवरून त्रिनिदाद आणि सांता मारियावर मारा सुरू झाला. ६ एप्रिलला दोन्ही बुरुजांना आणि त्यांच्यामधल्या तटालाही भगदाड पडलं. त्या रात्रीच सुलतानढवा करायचा हुकूम निघाला.

भगदाडांपाशी त्या रात्री काय झालं?

आत सुमारे ५,००० माणसांनिशी किल्लेदार आर्माँ फिलिपाँ होता. हा माणूस काम जाणणारा. आधीचे दोन वेढे त्यानेच परतवले होते. दिवसा तोफांनी जे पाडलं, त्याचा ढिगारा त्याची माणसं जिवावर उदार होऊन रात्री उपसत. भगदाडाच्या माथ्यावर त्याने जाड तुळयांत तलवारींची पाती रोवून त्या तुळया साखळ्यांनी बांधून टाकल्या. उतारावर खिळे ठोकलेल्या फळ्या. खंदकात आणखी एक खोल चर, त्यात पाणी. दारूची पिंपं आणि तोफेचे फुटते गोळे हाताशी. तटावरच्या प्रत्येक शिपायाजवळ एकाहून जास्त बंदुका भरून ठेवलेल्या, म्हणजे झाडल्यावर भरत बसायला नको.

हल्ला आधी साडेसातला ठरला होता, मग रात्री दहावर ढकलला. त्या अडीच तासांच्या अंधारात फ्रेंचांनी भगदाडांची उरलीसुरली बंदोबस्ती पुरी केली. दहाच्या सुमारास हलकी डिव्हिजन आणि चौथी डिव्हिजन खंदकाच्या काठाशी पोचल्या. पुढे स्वेच्छेने नाव दिलेल्यांची छोटी तुकडी. तिचं काम शत्रूचा पहिला मारा अंगावर घेणं हेच. जगला-वाचला तर तिच्या अधिकाऱ्याला बढती मिळे.

खंदकात उतरताच सुरुंग उडाले आणि पहिली फळी जवळजवळ नाहीशी झाली. चौथ्या डिव्हिजनचे कित्येक शिपाई अंधारात पाण्याच्या चरात पडले आणि पाठीवरच्या ओझ्यासकट बुडाले. काही जण एका अर्धवट बांधलेल्या बाहेरच्या बुरुजावर चढले, भगदाड सर झालं असं समजून. वर पोचल्यावर दिसलं की खरा तट अजून पुढे आहे आणि आपण उजेडात उभे आहोत. दोन डिव्हिजनांची सरमिसळ झाली, मधल्या तटाच्या नव्या भगदाडाकडे जवळजवळ कोणी गेलंच नाही. पुन्हा पुन्हा लहान लहान टोळ्या उतारावर धावल्या, तलवारींच्या पात्यांपर्यंत पोचल्या, आणि तिथेच पडल्या. दोन तास हे चाललं. कोणीही आत शिरू शकलं नाही.

वेलिंग्टनजवळ उभा असलेला मुख्य वैद्य जेम्स मॅकग्रिगर याने लिहून ठेवलं आहे, की बातम्या ऐकताना मशालीच्या उजेडात वेलिंग्टनचा चेहरा पांढराफटक पडला होता. मध्यरात्रीच्या सुमारास त्याने भगदाडांवरून माघारीचा हुकूम दिला.

मग शहर पडलं कसं?

शिड्यांनी. त्या रात्री आणखी दोन ठिकाणी हल्ले ठरले होते, दोन्ही मुख्य हल्ल्याला हातभार म्हणून. बालेकिल्ल्यावर शिड्या लावायची कल्पना तिसऱ्या डिव्हिजनच्या पिक्टनची. बालेकिल्ल्याच्या भिंती उंच आणि शाबूत, तेव्हा तिथे कोण येतंय, असा आतल्यांचा हिशेब असणार. तरीही पहिल्या शिड्या ढकलून दिल्या गेल्या, वरून दगड, ओंडके, गोळे आले. पिक्टन स्वतः जखमी झाला. मग पाचव्या पायदळ पलटणीच्या हेन्‍री रिजने एका झरोक्याशी, जिथे भिंत जरा ठेंगणी होती, शिडी लावली आणि तो वर गेला. त्याच्यामागे माणसं चढली. बालेकिल्ला हाती आला. रिज मात्र त्याच रात्री आत लढताना मारला गेला. निशाण नव्हतं, म्हणून मॅकफर्सन नावाच्या लेफ्टनंटने फ्रेंच झेंडा उतरवून काठीला आपला लाल डगला बांधला.

दुसरीकडे, शहराच्या पार विरुद्ध टोकाला, लीथच्या पाचव्या डिव्हिजनने सान व्हिसेन्ते बुरुजावर शिड्या लावल्या. त्या आखूड पडल्या. चाचपडत एक ठेंगणी जागा सापडली आणि ते चढले. तटावरून पुढे जाताना कुणीतरी ‘सुरुंग’ म्हणून ओरडलं आणि ती माणसं घाबरून मागे पळाली. मागून येणाऱ्या ताज्या पलटणीने पाय रोवले म्हणून डाव राहिला. मग त्यांचे बिगूल शहराच्या आत वाजू लागले. भगदाडांवरच्या फ्रेंचांना ते पाठीमागून ऐकू आले आणि त्यांचा धीर सुटला. फिलिपाँ पुलावरून नदीपार सान क्रिस्तोबालमध्ये गेला आणि ७ एप्रिलच्या सकाळी त्याने शस्त्र ठेवलं.

म्हणजे भगदाडांनी शहर उघडलं नाही, फ्रेंचांना तिथे खिळवून ठेवलं. ज्या माणसांना आपण मुख्य हल्ला करतोय असं वाटत होतं, ती खरं तर दुसऱ्यांसाठी शत्रूला गुंतवून ठेवत मेली.

वेलिंग्टन हे महाराष्ट्रात शिकला का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली. किल्ल्यावर मग तोफा लावल्या आणि तो १२ ऑगस्टला कौल घेऊन खाली झाला. पेशव्यांकडून इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखल्यांचे उद्गार नोंदले गेले आहेत : हे इंग्रज सकाळी आले, पेठेचा तट पाहिला, त्यावरून चालत गेले, शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले. त्यानंतर १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड. तिथे बाहेरच्या तटाला भगदाड पाडून फौज आत आली, पण आतल्या किल्ल्याची भिंत शाबूत होती. कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी घेऊन शिडीने चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

एक दुवा मात्र कल्पनेतला नाही. ही ९४ वी पलटण १८१२ मध्ये पिक्टनच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होती, म्हणजे बादाहोसच्या बालेकिल्ल्याला शिड्या लावणाऱ्यांत. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफांनी जिची दाणादाण उडवली ती ७४ वी पलटणही याच डिव्हिजनमध्ये होती. चिखलदऱ्याला गेलात आणि गाविलगडाच्या आतल्या दरवाजापाशी उभे राहिलात, तर हे आठवा.

तरी ‘गाविलगडाची युक्ती बादाहोसला वापरली’ असं मी म्हणणार नाही. बालेकिल्ल्याचा हल्ला वेलिंग्टनच्या मूळ योजनेचा गाभा नव्हता आणि कल्पना पिक्टनची होती. इतकंच म्हणता येईल, की वेलिंग्टनला हिंदुस्थानात झटपट हल्ल्याने किल्ले घेण्याची सवय लागली होती. दख्खनमध्ये ती फळाला आली. फिलिपाँसारख्या किल्लेदारासमोर तीच सवय महागात पडली.

किती माणसं पडली?

वेढ्यात वेलिंग्टनच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून ४,६०० हून जास्त. त्यांतले सुमारे ३,७०० एका रात्रीतले. ब्रिटिशांबरोबर पोर्तुगीज पलटणीही लढल्या. त्या रात्रीच्या आकड्यात सुमारे सातशे पोर्तुगीज आहेत, आणि त्यांची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

सकाळी भगदाडाखालचे प्रेतांचे ढीग पाहून वेलिंग्टन रडला. आपल्या माणसांना पुन्हा अशा परीक्षेला बसवायची वेळ येऊ नये, असं त्याने लंडनला लिहिलं.

भगदाड पडल्यावर फिलिपाँ शरण का गेला नाही? तेव्हा तशी रीत होती ना?

होती. भगदाड चढता येण्याजोगं झालं की किल्लेदाराने बोलणी लावावीत, मानाने बाहेर पडावं. तसं न करता हल्ला ओढवून घेतला तर शिबंदीच्या जिवाची हमी नाही, ही जुनी चाल. पण नेपोलियनचा हुकूम होता, की निदान एक हल्ला अंगावर घेतल्याशिवाय किल्ला सोडायचा नाही; सोडला तर किल्लेदाराचं डोकं जाईल. शिवाय सूल्त येतोय हे फिलिपाँला ठाऊक होतं. शहर पडलं तेव्हा सूल्त काही मुक्कामांवर येऊन ठेपलाच होता. फिलिपाँला कैद करून इंग्लंडला नेलं. तिथून तो त्याच उन्हाळ्यात निसटून फ्रान्सला पोचला.

शहराची लूट खरंच इतकी भयानक होती का?

हो. शहर स्पेनचं, स्पेन ब्रिटिशांचा मित्र, आणि आलेली फौज लोकांना सोडवायला आली होती. त्या फौजेने जवळजवळ तीन दिवस शहर ओरबाडलं. दारूची तळघरं फोडली, घरांची दारं बंदुकीने उडवली, बायकांवर अत्याचार केले, नागरिक मारले. दारूच्या धुंदीत शिपायांनी आपसातही गोळ्या झाडल्या. अडवायला गेलेल्या अधिकाऱ्यांवर बंदुका रोखल्या. त्याच वेळी कैद झालेल्या फ्रेंच शिपायांना मात्र बहुतेक ठिकाणी जीवदान मिळालं. ज्यांनी तलवारीची पाती रोवली ते वाचले, आणि ज्यांच्या घरासमोर युद्ध येऊन पडलं त्यांना शिक्षा झाली.

याची कारणं सांगतात : हल्ल्याने घेतलेलं शहर लुटायचा शिपाई आपला हक्क समजत, भगदाडात पाहिलेलं मरण, शिस्त ठेवणारे अधिकारीच मेलेले, बादाहोसची माणसं फ्रेंचांना सामील असल्याची छावणीत पसरलेली समजूत. ही सगळी खरी आहेत आणि एकानेही मन शांत होत नाही.

वेलिंग्टनबद्दल मी इथे कठोर आहे. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा तिथली लूट थांबवायला दुसऱ्या दिवशी त्यालाच नेमलं होतं. त्याने चौघांना फाशी दिलं, बाकीच्यांना फटके लावले आणि शहर ताळ्यावर आणलं. म्हणजे काय करायचं हे त्याला तेरा वर्षं आधीपासून माहीत होतं. बादाहोसला चौकात फाशीचे खांब उभे राहिले, पण फार उशिरा. तोवर शहरात वाचवण्यासारखं थोडंच उरलं होतं.

लेडीस्मिथ गावाचा बादाहोसशी काय संबंध?

दुसऱ्या दिवशी दोन स्पॅनिश बहिणी छावणीत आसरा मागायला आल्या. कानांतले डूल ओरबाडल्याने कानांतून रक्त वाहत होतं. धाकटी हुआना, वय चौदा. ९५ व्या रायफल्सच्या हॅरी स्मिथने काही दिवसांतच तिच्याशी लग्न केलं आणि ती पुढची सगळी मोहीम त्याच्याबरोबर घोड्यावरून फिरली. हाच हॅरी स्मिथ २८ जानेवारी १८४६ रोजी पंजाबात अलिवालला शिखांशी लढला. नंतर तो दक्षिण आफ्रिकेत गव्हर्नर झाला आणि तिथल्या लेडीस्मिथ गावाला हुआनाचं नाव पडलं. ही गोष्ट गोड प्रेमकथा म्हणून सांगतात. मला सांगताना नेहमी ते कान आठवतात.

या वेढ्यानंतर काही बदललं का?

थोडं बदललं. चर खणण्या-सुरुंग लावण्याचं शिक्षण देणारी संस्था त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चॅटमला चार्ल्स पास्लीच्या हाताखाली सुरू झाली, आणि जुन्या कारागीर पलटणीला सॅपर्स अँड मायनर्स असं नाव मिळालं. मोहिमेच्या दृष्टीने बादाहोस पडल्यामुळे दोन्ही रस्ते मोकळे झाले : २२ जुलैला सालामांकाची लढाई जिंकली, ऑगस्टमध्ये वेलिंग्टन माद्रिदमध्ये शिरला.

पण त्याच शरद ऋतूत बुर्गोसच्या किल्ल्यापुढे तो पुन्हा अपुऱ्या तोफा घेऊन बसला आणि महिनाभराने हात हलवत परतला. ३१ ऑगस्ट १८१३ ला सान सेबास्तियान हल्ल्याने घेतलं. त्यात फ्लेचर मारला गेला, आणि ते स्पॅनिश शहरही लुटलं, जाळलं गेलं.

आज तिथे काय पाहायला मिळतं?

भरपूर. बालेकिल्ला उभा आहे, त्याच्या तटावरून चालता येतं. त्रिनिदाद बुरूज शिल्लक आहे. नदीवरचा जुना पूल आणि त्याच्या तोंडाशी पुएर्ता दे पाल्मास हा दरवाजा अजून आहे. फिलिपाँ याच पुलावरून निसटला. पलीकडच्या टेकडीवर सान क्रिस्तोबालची डागडुजी झाली आहे आणि तिथून सगळा वेढा नकाशासारखा दिसतो. शहरातला दुकानांनी गजबजलेला रस्ता मेनाचोच्या नावाचा आहे.

एक दिवस एल्वाससाठी ठेवा. तिथली तटबंदी २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तटावरच्या एका लहानशा इंग्रज दफनभूमीत या वेढ्यांत आणि आल्बुएराला पडलेल्यांची आठवण जपली आहे.

वेळ कमी असेल तर बालेकिल्ल्याच्या वर जाऊ नका, बाहेरच्या अंगाने पायथ्याशी जा. भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि मान वर करून पाहा. तिसऱ्या डिव्हिजनची माणसं अंधारात याच भिंतीला शिड्या लावून चढली.